पावसाळ्याआधी कोॲक्स तपासणी: गच्चीवरच्या दोन फीडरच्या नोंदी

हौशी (हॅम) रेडिओ स्टेशनच्या या नोंदी. कोॲक्स म्हणजे मधली तार आणि तिच्याभोवती जाळी असलेली केबल; ती रेडिओपासून अँटेनापर्यंत जाते तेव्हा तिला फीडर म्हणायचं. जागा रत्नागिरी, समुद्र दोन किलोमीटरवर. रेडिओची खोली तळमजल्यावर, अँटेना चौथ्या स्लॅबच्या वर. फीडर क्र. १ आरजी-२१३ जातीची जाड केबल, दोन मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) ग्राउंड प्लेन अँटेनाला जातो. फीडर क्र. २ आरजी-५८ जातीची बारीक केबल, चाळीस मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्हीला, म्हणजे उलट्या व्ही आकारात टांगलेल्या तारेच्या अँटेनाला. दोन्ही सात पावसाळे खाऊन बसलेत. शिवाय खोक्यात एक जाड काळा तुकडा पडून आहे, त्यावर काहीच छापलेलं नाही. हत्यारं: नॅनोव्हीएनए-एच (केबल आणि अँटेना तपासायचा छोटा ॲनालायझर), मल्टिमीटर, ३० मीटरचा टेप. साल २०२४.

१३ एप्रिल, शनिवार

तक्रार अशी की रिपीटर (आपला सिग्नल पुढे फेकणारं स्टेशन) पूर्वीसारखा स्वच्छ उघडत नाही. रेडिओजवळ १४५ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.३ (किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही). हा आकडा बघून गेली दोन वर्षं फीडरला कोणी हात लावला नव्हता. पण केबल जितकी खाते तितका हा आकडा गोजिरा दिसतो. परत येणारा सिग्नल जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा खाल्ला जातो. त्यामुळे मीटरपर्यंत थोडाच पोचतो आणि मीटर म्हणतो, सगळं झकास.

म्हणून केबल अँटेनापासून सोडवून एकटीच मोजायची. वरचं टोक उघडं ठेवलं की सगळा सिग्नल परत फिरतो. खाली दिसेल तो रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डेसिबल म्हणजे डीबी कमी आहे ते; ३ डीबी म्हणजे निम्मी शक्ती गेली), आणि त्याच्या निम्मा म्हणजे केबलचा एका बाजूचा लॉस. वरचं टोक शॉर्ट करून पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. ज्यांच्याकडे नुसता एसडब्ल्यूआर दाखवणारा ॲनालायझर आहे त्यांच्यासाठी, वरचं टोक उघडं असताना: ९ आला तर लॉस सुमारे १ डीबी, ५ आला तर १.८, ३ आला तर ३, आणि २ आला तर ४.८. इथे एसडब्ल्यूआर जितका मोठा तितकी केबल चांगली. डोक्यात हे उलटं बसवायला वेळ लागतो.

ॲनालायझर जोडण्याआधी केबलची मधली तार आणि जाळी एकमेकींना टेकवून घेतली. उंचावरच्या तारेवर साठलेला स्थिर विद्युतभार नॅनोव्हीएनएचं तोंड एका ठिणगीत जाळू शकतो. गच्चीवरच्या माणसाशी वॉकीटॉकीवर न बोलता मोबाईलवर बोलायचं. एक तर वर गेलेल्या शेजारच्या मुलाचं रेडिओचं लायसन्स अजून यायचंय, दुसरं म्हणजे ॲनालायझर लावलेल्या केबलच्या टोकाशी पाच वॅट सोडणं हा वेडेपणा.

"काका, वरचं टोक उघडं ठेवलंय."

"अँटेना काढलीस ना?"

"अँटेना पण काढायची होती?"

अर्धा तास गेला. १४५ ला १७.७ डीबी रिटर्न लॉस दिसत होता तो केबलचा नव्हताच, अँटेना लावलेलीच होती. तो आकडा मात्र लिहून ठेवला. पुढे उपयोगी पडला.

१४ एप्रिल, रविवार

आजची चूक पूर्ण आमची. नॅनोव्हीएनए त्याच्या स्वतःच्या एसएमए तोंडावर कॅलिब्रेट केला (उघडा, शॉर्ट आणि ५० ओहम लावून मोजणीचा आरंभ बसवला) आणि नंतर पुढे आरजी-३१६ चा एक मीटरचा शेपूट आणि ॲडाप्टर जोडून केबल लावली. केबलची लांबी ३३.१ मीटर आली, १४५ मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस ११.४. बसवताना टेपने मोजलेली लांबी ३२ होती. मोजणी केबलची नव्हे, केबल अधिक शेपटाची झाली. आरजी-३१६ बारीक असते, १४५ ला मीटरमागे साधारण ०.३ डीबी खाते, आणि तीही जाता-येता.

कॅलिब्रेशन जिथे केबल जोडायची तिथेच करायचं. आमच्याकडे ती जागा म्हणजे शेपटाच्या टोकाचं एसओ-२३९ सॉकेट. त्यासाठी तीन पीएल-२५९ प्लगांचा घरगुती संच केला:

उघडा: नुसता प्लग, आत काही नाही.
शॉर्ट: मधल्या पिनपासून बॉडीपर्यंत तांब्याची पट्टी डाग (सोल्डर) देऊन.
लोड: १०० ओहमचे एक टक्कावाले दोन रेझिस्टर समांतर, पाय कापून अगदी आखूड.

लोडमध्ये पहिल्यांदा रेझिस्टरचे पाय १५ मिमी राहिले होते. मल्टिमीटरवर तो ५०.१ ओहम दाखवत होता, पण पायांचं इंडक्टन्स १४५ मेगाहर्ट्झला भोवतं. पाय ४ मिमीवर आणून पुन्हा डाग दिला. एचएफपुरतं (३० मेगाहर्ट्झच्या आतलं) काम असेल तर एवढी काळजी नाही घेतली तरी चालेल.

अजून एक: पडद्याच्या डाव्या कडेला मोठा 'सी' दिसतोय की छोटा, ते बघत जा. तो इंग्रजी अक्षरात येतो, C किंवा c. मोठा म्हणजे याच फ्रीक्वेन्सी पट्ट्याचं कॅलिब्रेशन लागू आहे. छोटा म्हणजे पट्टा बदललाय आणि यंत्र मधले आकडे अंदाजाने भरतंय. पट्टा आतल्या आत अरुंद केला तर छोटा 'सी' चालतो. पट्टा बाहेर गेला तर पुन्हा कॅलिब्रेट करा.

२० एप्रिल, शनिवार

फीडर क्र. १, नीट कॅलिब्रेशन करून.

लांबी: वरचं टोक उघडं. १ ते १० मेगाहर्ट्झ पट्ट्यात स्मिथ चार्टवरचा (ॲनालायझरचा गोल आलेख, डावं टोक म्हणजे शॉर्ट, उजवं म्हणजे उघडं) ठिपका डाव्या टोकाशी आडवी रेघ कुठे ओलांडतो ते शोधलं. १०१ बिंदूंत हा पट्टा भरड दिसतो, दोन बिंदूंत ९० किलोहर्ट्झचं अंतर. म्हणून प्रत्येक ओलांडणीच्या आजूबाजूला १०० किलोहर्ट्झपर्यंत आत शिरून वाचलं. ४.६४ आणि ७.७३. फरक ३.०९. लागोपाठच्या दोन ओलांडण्यांतला फरक म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची फ्रीक्वेन्सी. १५० ला ०.६६ ने गुणायचं आणि ३.०९ ने भागायचं: ३२.० मीटर. टेपशी जुळलं. ०.६६ हा घन पॉलिथिलीनच्या केबलचा वेग गुणक (केबलमधला सिग्नल प्रकाशवेगाच्या किती पट वेगाने धावतो ते), आरजी-५८ आणि आरजी-२१३ दोन्हींचा.

लॉस: १४० ते १५० पट्टा. रेघ सरळ येत नाही, लाटा येतात. दर ३.०९ मेगाहर्ट्झला एक लाट, म्हणजे या पट्ट्यात तीन. वरचं टोक उघडं असताना १०.१ ते ११.३, शॉर्ट असताना १०.४ ते ११.०. लाटेच्या शेंड्यावरचा किंवा तळाचा एकच आकडा उचलला तर हवं ते सिद्ध करता येतं, म्हणून मधला घ्यायचा. दोन्हीकडे १०.७ आला. लॉस ५.३५ डीबी.

३२ मीटर चांगल्या आरजी-२१३ चा लॉस १४५ ला साधारण २.७ डीबी असायला हवा. म्हणजे दुप्पट. ३० मेगाहर्ट्झलाही रिटर्न लॉस ४.२, म्हणजे लॉस २.१, जिथे १.१५ च्या आसपास अपेक्षित आहे. २५ वॅटमधले अँटेनापर्यंत पोचत होते जेमतेम ७.

आता १३ तारखेचा आकडा बाहेर काढला. खाली १७.७ दिसत होता, त्यातून केबलचे जाता-येता १०.७ वजा केले की अँटेनाजवळचा रिटर्न लॉस ७.० उरतो. एसडब्ल्यूआर २.६! खाली १.३ दाखवणारी अँटेनासुद्धा धड नव्हती.

मल्टिमीटर काय म्हणाला तेही लिहून ठेवतो. शॉर्ट लावून मधली तार ते जाळी: अर्ध्या ओहमच्या आत, बीप वाजला. वरचं टोक उघडं ठेवून: ३ मेगाओहम. तिथे काहीच दिसायला नको होतं. ओलीची पहिली खूण ही. बीपवर विसंबलो असतो तर केबल पास झाली असती.

२१ एप्रिल, रविवार

दोष कुठे आहे ते टीडीआरने (सिग्नल केबलमध्ये किती अंतरावरून परत फिरतो ते दाखवणारी मोजणी) बघायचं ठरलं. यंत्राच्या मेनूत डिस्प्ले, ट्रान्सफॉर्म, लो पास इम्पल्स, वेग गुणक ६६ टक्के. पहिला प्रयत्न ९०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यावर, कारण पट्टा रुंद म्हणजे बारकावा जास्त. खरं आहे, पण मग लांबचं दिसत नाही. १०१ बिंदू एवढ्या पट्ट्यावर पसरले की केबलचे पहिले चारेक मीटरच पडद्यावर येतात. शेवट दिसेना म्हणून कनेक्टर तुटला असं समजून तो अर्धा खोलून बसलो होतो. पट्टा ५० किलोहर्ट्झ ते १०० मेगाहर्ट्झ केला, पुन्हा कॅलिब्रेशन, आणि ३२ मीटरवर उघड्या टोकाचा उंच शेंडा आला. बारकावा आता एक मीटरचा, पण एवढ्याने भागतं.

११ मीटरवर एक छोटा खड्डा. कठड्याजवळ लोखंडी क्लॅम्प कचकचून आवळला होता, तिथे केबल चपटी झाली आहे. क्लॅम्प सैल केला, खड्डा थोडा कमी झाला, गेला नाही. आतलं प्लास्टिक दबलं ते दबलंच. इतक्याशा खड्ड्याने अडीच डीबी जात नाहीत. याच्यामागे वेळ घालवू नका. आम्ही दुपार घालवली.

बाकी रेघ सपाट. म्हणजे नुकसान एका जागी नाही, पसरलेलं आहे. जाळी काळवंडली की लॉस वाढतो पण इम्पिडन्स (केबलचा सिग्नलला होणारा ठरावीक विरोध, ओहममध्ये) फारसा बदलत नाही, आणि टीडीआरला दिसतो तो इम्पिडन्सचा बदल.

वरचा कनेक्टर उघडला. त्यावर कधीकाळी इपॉक्सी पुट्टी थापली होती. उन्हाने तिला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. आतून हिरवट पाण्याचे दोन थेंब पडले.

२७ एप्रिल, शनिवार

फीडर खाली उतरवला आणि वरच्या टोकाकडून कापत गेलो. अर्ध्या मीटरवर जाळी काळी ठिक्कर, बोटाने घासली की भुकटी. तीन मीटरवर तपकिरी. सहा मीटरवर तांबं ओळखू येत होतं, पण कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकावं तसा हिरवा थर. आरजी-२१३ ची जाळी उघड्या तांब्याची असते. कनेक्टरमधून शिरलेलं पाणी तिच्या विणीतून वातीसारखं खाली झिरपतं.

प्रत्येक कापणीनंतर १४५ ला मोजणी:

३२ मीटर: ५.३५ डीबी, अपेक्षित २.७
२६ मीटर: २.९, अपेक्षित २.२
२२ मीटर: २.०५, अपेक्षित १.९

इथे थांबलो. दहा मीटर भंगारात. उरलेले २२ मीटर एचएफला उत्तम आहेत, ११ मीटरवरच्या खड्ड्यासकट. त्यावर लॉस आणि तारीख लिहून गुंडाळी बांधली.

४ मे, शनिवार

फीडर क्र. २, आरजी-५८, २४ मीटर. इन्व्हर्टेड व्ही कप्पीवर असल्यामुळे मधलं टोक खाली उतरवून सोडवता आलं. ७.१ मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस २.१, लॉस १.०५ डीबी. अपेक्षित ०.९५. बाहेरचं आवरण उन्हाने कडक झालंय, पण मोजमाप ठीक आहे. बदलायचा नाही.

एक साधी परीक्षा इथे केली: ॲनालायझरची रेघ बघत दुसऱ्याने केबलवरून हात फिरवत जायचं. जाळी धड असेल तर रेघ हलत नाही. हलली तर जाळी कुठेतरी तुटली आहे किंवा कनेक्टरला नीट डाग बसलेला नाही. क्र. २ ची रेघ जागची हलली नाही.

५ मे, रविवार

खोक्यातला जाड तुकडा. व्यास १०.३ मिमी, आरजी-२१३ इतकाच, म्हणून आजवर सगळे त्याला आरजी-२१३ म्हणत होते. टेपने बरोबर १५ मीटर. घन पॉलिथिलीन असतं तर उघड्या टोकाने पहिली ओलांडणी ३.३० मेगाहर्ट्झला यायला हवी. आली ४.१५ ला. वेग गुणक ०.८३ निघतो, म्हणजे आत फोम आहे.

मग इम्पिडन्स. पाव तरंगलांबीच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीला उघड्या केबलची रिॲक्टन्स म्हणजे तिचा इम्पिडन्स. २.०७५ मेगाहर्ट्झला उणे ७६ ओहम. ही आरजी-११ जातीची ७५ ओहमची केबल टीव्हीची केबल. लोहचुंबक मधल्या तारेला चिकटला, आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा. जाळी ॲल्युमिनियमची, तिला डाग बसत नाही. पीएल-२५९ लावायच्या खटाटोपात एक प्लग आणि पाऊण तास गेला.

तिच्यातून ८.७६ मीटरचा तुकडा काढून ठेवलाय. ७.१ मेगाहर्ट्झला तो पाव तरंगलांबीचा आहे. पूर्ण तरंगलांबीचा लूप (तारेच्या बंद कड्याची अँटेना) टांगला तर त्याचे शंभर-सव्वाशे ओहम ५० च्या जवळ आणायला कामाला येईल. तो कापताना थोडा लांब ठेवून, उघड्या टोकाने ओलांडणी ७.१ वर येईपर्यंत एकेक सेंटिमीटर छाटला. जाळी डागाऐवजी क्रिंपने धरायची.

११ मे, शनिवार

नवी आरजी-२१३ मुंबईहून कुरियरने आली, ३५ मीटर सांगून. कापण्याआधी, गुंडाळी न सोडताच मोजली: ३३.४ मीटर. वेग गुणक थोडा वेगळा असेल म्हणून सोडून दिलं नाही, रस्त्यावर अंथरून टेप लावला: ३३.६. म्हणजे जवळपास दीड मीटर कमी. १८९ रुपयांसाठी परत पाठवणं परवडणारं नव्हतं, पण पुढच्या वेळी आवरणावर मीटरचे आकडे छापलेलीच घ्यायची. लॉस १४५ ला ३.१, अपेक्षित २.८५. जाळीची वीण किंचित विरळ आहे. चालेल.

१२ मे, रविवार

कनेक्टर. आवरण २८ मिमी काढायचं, मधली तार १६ मिमी उघडी, जाळी पांढऱ्या प्लास्टिकच्या टोकाच्या दीड-दोन मिमी अलीकडेच तोडायची. प्लगची मागची चकती आधी केबलवर सरकवायची. एकदा विसरलो, अर्थातच.

पहिला प्लग ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने लावायला गेलो. पितळी बॉडी उष्णता ओढते, डाग धरेपर्यंत मिनिटभर गेलं, तेवढ्यात आतलं प्लास्टिक वितळून मधली तार जाळीला टेकली. स्मिथ चार्टवर लगेच कळतं: कमी फ्रीक्वेन्सीला ठिपका उजव्या टोकाला असायला हवा, तो डावीकडे बसला होता. चाळीस सेंटिमीटर केबल कापावी लागली, उरली ३३.२. शेजाऱ्यांकडून १०० वॅटचं जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणलं आणि चारही भोकं पाच-सहा सेकंदांत भरली. गरम मोठं आयर्न आणि कमी वेळ, हेच जमतं.

२५ मे, शनिवार

केबल वर चढवली, क्लॅम्प हाताने फिरेल इतपतच आवळले. अँटेना जोडल्यावर खाली एसडब्ल्यूआर १.६! जुन्या सडक्या केबलला १.३ होता. हिशोबाने हेच यायला हवं होतं: अँटेनाचे ७.० अधिक केबलचे जाता-येता ६.१, म्हणजे १३.१ डीबी.

ॲनालायझर गच्चीवर नेऊन थेट अँटेनाला लावला: २.६. चारपैकी एका रेडियलचा (अँटेनाच्या बुडाशी पसरलेल्या काडीचा) स्क्रू गंजून सैल होता. स्टीलचा स्क्रू, स्टार वॉशर, आणि चारही रेडियल पुन्हा ४५ अंशांत वाकवले. १.२५. खाली १.१. या शेवटच्या आकड्यावर खूश व्हायचं कारण नाही, २५ वॅटमधले साडेबारा अजूनही केबलमध्येच जातात. एलएमआर-४०० या कमी लॉसच्या केबलने अँटेनाला सतराच्या पुढे मिळाले असते, पण तिची किंमत तिपटीच्या आसपास जात होती.

कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, दुप्पट लांब होईल इतकी ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे थर कौलांसारखे पडतात. वरून पीव्हीसी टेप, ऊन अडवायला. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. अँटेनाखाली केबलला एक झोळ दिला, पाणी तिथून ठिबकून जातं.

खर्च: केबल ४,७२५, सहा पीएल-२५९ ५४०, दोन एसओ-२३९ १२०, ॲडाप्टर १८०, रेझिस्टर १०, टेपची दोन रिळं ७६०, कुरियर २५०. एकूण ६,५८५ रुपये. प्लग दोन वाया.

१६ जून, रविवार

पाऊस चांगला लागलाय. उघडीप मिळाली तेव्हा दोन्ही फीडर वरून सोडवून पुन्हा मोजले. क्र. १: १४५ ला रिटर्न लॉस ६.१, होता तसाच. क्र. २: ७.१ ला २.१ चा २.६ झाला. मल्टिमीटरवर ८ मेगाओहम. क्र. २ चा वरचा कनेक्टर आम्ही मे महिन्यात उघडलाच नव्हता, आकडा बरा दिसला म्हणून. आता कप्पीवरून खाली घेऊन वरचा एक मीटर कापायचा, प्लग नवा. रबरी टेपचं दुसरं रीळ अर्धं उरलंय.